त्रिनिदाद आणि टोबॅगोला पहिल्यांदा जाताना: कागदपत्रांपासून कासवांपर्यंत

पोर्ट ऑफ स्पेन, त्रिनिदादची राजधानी, हे नाव आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून होतं. मार्च १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने तिथे वेस्ट इंडिजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं. सुनील गावसकर त्याच सामन्यात पहिल्यांदा कसोटी खेळले, ६५ आणि नाबाद ६७. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ११२ केल्या. बाबांना हे आकडे शेवटपर्यंत तोंडपाठ होते. ते गेल्यावर मी आणि बायकोने ठरवलं, एकदा ते मैदान बघून येऊ.

मैदान बघून झालं आणि बेटांनी पकडून ठेवलं. दोन वर्षांनी आईला घेऊन पुन्हा गेलो. पहिल्या खेपेला नऊ दिवसांतले अडीच दिवस चुकीच्या आखणीपायी वाया गेले होते. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

१. आधी महिना ठरवा, मग तिकीट

ही दोन बेटं कॅरिबियनच्या अगदी दक्षिण टोकाला, व्हेनेझुएलाच्या शेजारी आहेत. चक्रीवादळांचा नेहमीचा मार्ग बहुतेक वेळा त्यांच्या उत्तरेकडून जातो. कोरडा हंगाम जानेवारी ते मे, पावसाळा जून ते डिसेंबर. पाऊस आपल्या कोकणासारखा दिवसभर लावून धरत नाही, दुपारी कोसळतो आणि उघडतो.

तुम्हाला काय बघायचं आहे त्यावर महिना ठरतो. कार्निव्हल ॲश वेन्सडेच्या (ख्रिश्चनांच्या ईस्टरआधीच्या उपवासांचा पहिला दिवस) आधीच्या सोमवारी आणि मंगळवारी असतो, म्हणून तारीख दरवर्षी सरकते. २०२७ मध्ये ती ८ आणि ९ फेब्रुवारी आहे. त्या आठवड्यात खोल्यांचे भाव कित्येक पटींनी चढतात आणि महिनोन्‌महिने आधी भरतात. अंड्यांसाठी किनाऱ्यावर येणारी महाकाय लेदरबॅक कासवं मार्च ते ऑगस्टमध्ये दिसतात. दिवाळीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि त्रिनिदादच्या मध्यभागातल्या चग्वानसजवळच्या गावांमध्ये बांबूच्या कमानी वाकवून त्यांवर हजारो पणत्या लावतात.

पहिल्यांदाच जात असाल आणि शाळेच्या सुट्ट्यांचं बंधन नसेल, तर माझा कौल मार्चअखेर ते एप्रिलला. समुद्र शांत, पाऊस नाही, कासवं सुरू झालेली आणि कार्निव्हलची गर्दी ओसरलेली.

२. कागदपत्रं, आणि पिवळं पुस्तक

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. तरी तिकीट काढण्याआधी दिल्लीतल्या त्यांच्या उच्चायुक्तालयाकडून खात्री करून घ्या, नियम बदलतात. सोबत हे ठेवा:

- परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध असलेला पासपोर्ट
- परतीचं तिकीट, छापील
- पहिल्या मुक्कामाचा पूर्ण पत्ता, इमिग्रेशनला तो लागतोच
- खर्चाला पुरेसे पैसे असल्याचा पुरावा
- गाडी चालवणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना (तिथेही गाड्या डावीकडूनच चालतात)
- प्रवास विमा
- यलो फीव्हरच्या (पीतज्वराच्या) लसीचं प्रमाणपत्र, हेच ते पिवळं पुस्तक

शेवटच्या ओळीवर थांबा. त्रिनिदाद भारत सरकारच्या यलो फीव्हरच्या यादीत आहे. तिथून परत येताना प्रमाणपत्र नसेल तर मुंबई विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं, सहा दिवसांपर्यंत. आमच्या पहिल्या खेपेला तिकीट काढून देणाऱ्याने "तिकडे जायला लागत नाही" असं सांगितलं होतं. लागत होती ती परत येताना. एका डॉक्टर मित्राने निघायच्या सोळा दिवस आधी सहज विचारलं, म्हणून वाचलो.

ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमलेल्या मोजक्या केंद्रांवरच मिळते, पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि प्रमाणपत्र दहाव्या दिवसानंतरच ग्राह्य धरतात. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. साठीच्या पुढच्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. आई अडुसष्ट वर्षांची, तिच्या डॉक्टरांनी तपासून होकार दिल्यावरच आम्ही केंद्रावर गेलो.

दुसरा सापळा विमान बदलण्याचा. भारतातून थेट विमान नाही. न्यूयॉर्क किंवा मायामीमार्गे गेलात तर विमानतळाबाहेर पाऊल टाकलं नाही तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. लंडन किंवा पनामामार्गे जाणार असाल तर त्या-त्या ठिकाणचे ट्रान्झिटचे नियम आधी वाचा. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून घेऊ नका, आधी मधले थांबे बघा.

कपड्यांबद्दल एक गोष्ट: लष्करी ठिपक्यांचे कपडे, टोपी, पिशवी, लहान मुलांची चड्डीसुद्धा, काहीही नेऊ नका. सामान्य माणसाने ते घालणं तिथे गुन्हा आहे.

३. दिवसांची वाटणी: आधी त्रिनिदाद, मग टोबॅगो

बहुतेक जण उतरल्या-उतरल्या टोबॅगोच्या निळ्या पाण्याकडे धावतात. आम्हीही धावलो. मुंबईहून तीस तासांहून जास्त प्रवास करून त्रिनिदादच्या पियार्को विमानतळावर उतरलो आणि त्याच संध्याकाळचं टोबॅगोचं विमान धरायचं ठरवलं. आधीच्या विमानाला उशीर झाला, पुढचं चुकलं. सलग सुट्ट्यांचा शुक्रवार होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या विमानातही जागा नाही आणि बोटीतही नाही. झोपेचं खोबरं झालेल्या दोन माणसांनी विमानतळावर केलेला तो हिशेब मी विसरलेलो नाही.

म्हणून असं करा. पहिले पाच-सहा दिवस त्रिनिदाद, पुढचे चार-पाच टोबॅगो, आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पुन्हा त्रिनिदादमध्ये मुक्काम. दोन बेटांमधलं विमान पंचवीसेक मिनिटांचं आहे. पोर्ट ऑफ स्पेनहून टोबॅगोतल्या स्कारबरोला जाणारी बोट साडेतीन-चार तास घेते आणि खुल्या समुद्रात चांगलीच हलते. ज्यांना घाटात मळमळतं त्यांनी विमानच घ्यावं.

हा क्रम सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. त्रिनिदादची माणसं आधी भेटली की टोबॅगोचा समुद्र नुसतं फोटोतलं दृश्य राहत नाही. समोर होडी ओढणारा माणूस काय बोलतो आहे, लांबून ऐकू येणारं वाद्य कुठलं, हे कळायला लागतं.

४. उतरल्यावरचे पहिले दोन दिवस

घड्याळ भारतापेक्षा साडेनऊ तास मागे. वीज ११५ व्होल्टची आणि प्लग अमेरिकेसारखे, त्यामुळे ॲडॉप्टर न्या. इथून नेलेली पाण्याची इमर्शन रॉड किंवा इस्त्री तिथे चालणार नाही. चलन त्रिनिदाद-टोबॅगो डॉलर. एका अमेरिकन डॉलरला पावणेसातच्या आसपास मिळतात. भाव सांगताना दुकानदार नुसतं "डॉलर" म्हणतात ते त्यांचे डॉलर. पण टूरवाले आणि हॉटेलवाले कधी अमेरिकन डॉलरमध्ये बोलतात. प्रत्येक वेळी "टीटी की यूएस?" असं विचारा.

टॅक्सीवर मीटर नसतो. भाड्याच्या अधिकृत गाडीची नंबरप्लेट 'एच' अक्षराने सुरू होते. 'पी' म्हणजे खाजगी गाडी, त्यातून भाडं घेणारेही भेटतात, बसू नका. मॅक्सी-टॅक्सी म्हणजे ठरलेल्या रस्त्यावर धावणाऱ्या छोट्या बस, त्यांच्या अंगावरच्या पट्ट्याच्या रंगावरून मार्ग कळतो. पिवळा पट्टा पोर्ट ऑफ स्पेनच्या पश्चिमेकडे, लाल पूर्वेकडे, हिरवा चग्वानस-सॅन फर्नांडोकडे, निळा टोबॅगोत.

सुरक्षिततेबद्दल स्पष्ट बोलायला हवं. टोळ्यांच्या हिंसाचारामुळे डिसेंबर २०२४ च्या अखेरीस सरकारने आणीबाणी जाहीर केली होती, २०२५ मध्ये पुन्हा केली. निघण्याआधी ताजी परिस्थिती बघा. अंधार पडल्यावर पोर्ट ऑफ स्पेनच्या मध्यभागात पायी फिरू नका, अंगावर सोनं नको, निर्जन किनाऱ्यावर एकट्याने जाऊ नका. रात्री उतरत असाल तर मुक्कामाच्या घरमालकालाच गाडी पाठवायला सांगा. एवढं पाळून आम्ही दोन्ही वेळा निर्धास्त फिरलो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: काहीही विचारण्याआधी अभिवादन. दुकानात शिरताना, मॅक्सीत चढताना, रांगेत उभं राहताना "गुड मॉर्निंग" म्हणायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. संध्याकाळनंतर "गुड नाइट". तिथे ते निरोपाचं नसून भेटल्याचं अभिवादन आहे. पहिल्या दिवशी मी एका दुकानात थेट "पाणी आहे का?" विचारलं. काउंटरमागच्या बाईंनी माझ्याकडे शांतपणे बघितलं, "गुड मॉर्निंग" म्हणाल्या आणि मी ते परत म्हणेपर्यंत हललीच नाही त्यांची नजर. मग पाणीही मिळालं आणि किनाऱ्याचा रस्ताही.

५. काय खायचं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण शाकाहारी मंडळी "तिकडे उपाशी राहू" या भीतीने जातच नाहीत.

सकाळी सहाला रस्त्याच्या कडेला डबल्सची गाडी शोधा. हळद घातलेल्या पिठाचे दोन मऊ तळलेले 'बारा' कागदावर टाकायचे, त्यावर छोल्यांचा पातळ रस्सा, म्हणजे 'चना', वर चिंच, काकडी, 'शॅडो बेनी' नावाच्या उग्र कोथिंबिरीची चटणी, आणि कागदाची पुरचुंडी एका हिसक्यात पिळून तुमच्या हातात. विकणाऱ्याचा हात एवढा झपाट्याने चालतो की बघतच राहावं. तो विचारेल, "पेपर?", म्हणजे तिखट घालू का? उत्तर द्या, "स्लाइट." मोरुगा स्कॉर्पियन ही मिरची याच बेटावरच्या मोरुगा गावची. कोल्हापूरकरांनीही पहिल्या दिवशी "स्लाइट"च म्हणावं.

दालपुरी रोटी म्हणजे पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण. आत वाटलेली पिवळी डाळ असते. 'बस-अप-शट' हा तव्यावरच फाडून मोकळा केलेला पराठा. फाटलेल्या शर्टासारखा दिसतो म्हणून हे नाव. 'बैगन चोका' म्हणजे आपलं भाजल्या वांग्याचं भरीत. 'कुचेला' म्हणजे कैरीच्या किसाचं लोणचं. चग्वानसच्या एका गाडीवर आईने 'सहीना' नावाचा पदार्थ हातात घेतला, उलटून बघितला, एक घास खाल्ला आणि म्हणाली, "अरे, ही तर अळूवडी!" अळूचीच पानं, डाळीचं पीठ, गुंडाळून कापून तळलेली. गाडीवरच्या आजींना आम्ही मोडक्या इंग्रजीत आमच्याकडची चिंच-गुळाची पद्धत सांगितली. त्यांनी आईला आणखी दोन बांधून दिल्या, पैसे घेतले नाहीत.

शाकाहाऱ्यांसाठी सावधगिरी: 'कॅलालू' ही अळू, भेंडी आणि नारळाच्या दुधाची भाजी फार छान असते, पण तिच्यात बऱ्याचदा खेकडा किंवा खारवलेलं डुकराचं मांस घालतात. भाजीत खारा मासा असू शकतो. नाव ओळखीचं वाटलं तरी विचारून घ्या.

६. त्रिनिदादचे किनारे

उत्तर किनाऱ्यावरचा मराकस सगळ्यांत प्रसिद्ध. तिथे जाणारा डोंगरी रस्ता दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने बांधला. वाटेत एका वळणावर गाडी थांबवून 'चाउ' खा: अननस किंवा कैरीच्या फोडी, लसूण, मीठ, मिरची. किनाऱ्यावर मासे खाणाऱ्यांसाठी 'बेक अँड शार्क' आहे, तळलेल्या पावात शार्कचा तुकडा आणि हव्या तेवढ्या चटण्या.

पाण्यात उतरण्याआधी झेंडे बघा. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधोमधच पोहायचं, लाल झेंडा असेल तर उतरायचंच नाही. मराकसच्या लाटा वरून खेळकर दिसतात पण पायाखालची ओढ जबर असते. मी कमरेएवढ्या पाण्यात होतो, एक लाट परत जाताना पायांखालची वाळू घेऊन गेली आणि मी झेंड्यांच्या बाहेर सरकलो. जीवरक्षकाची शिट्टी लगेच वाजली. ती ऐकून निमूट बाहेर आलो. पुढचा लास क्वेवास किनारा जास्त शांत आहे, पण दुपारनंतर तिथे वाळूतल्या बारीक माश्या चावतात. अंगाला लावायचं मलम घरूनच न्या. पूर्वेचे मान्झानिया आणि मायारो नारळांच्या लांबच लांब रांगांसाठी जाऊन बघा, पोहण्यासाठी नको. तिथे थेट अटलांटिक आहे आणि काही महिने सरगॅसम शेवाळाचे ढीग येऊन पडतात.

किनाऱ्यावर छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं पडलेली दिसली तर हात लावू नका. ते मँचिनील. फळ विषारी, चीक कातडी भाजतो, पावसात त्याखाली उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात. मुलांना आधीच दाखवून ठेवा.

कासवांसाठी मातुरा किंवा ग्रांद रिव्हिएर. हंगामात या किनाऱ्यांवर रात्री जायला परवाना आणि वाटाड्या लागतो, मुक्कामाच्या जागी आधी सांगितलं की व्यवस्था होते. पांढरा टॉर्च नाही, फ्लॅश नाही. आम्ही मातुराला रात्री साडेदहाच्या सुमारास वाळूत बसून होतो. अंधारातून एक काळा दगड पुढे सरकल्यासारखा वाटला. वाटाड्याने लाल दिवा खाली धरला. माझ्या उंचीएवढी मादी, पाठीवर लांब कंगोरे, मागचे वल्ह्यासारखे पाय आळीपाळीने वाळू उचलून बाजूला ठेवत होते, ओंजळीने ठेवावी तशी. मग अंडी पडायला लागली, पांढरी, ओली. तिच्या डोळ्यांतून खारं पाणी वाहत होतं. शरीरातलं जादा मीठ ती असंच बाहेर टाकते, असं वाटाड्या कुजबुजला. आईने तिच्याकडे बघत हात जोडले. आपल्या वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना आम्ही पाहिली होती, पण अर्धा टन वजनाचा जीव एवढ्या हळुवारपणे काम करताना कधी पाहिला नव्हता.

कॅरोनी खारफुटीतली संध्याकाळची होडीही चुकवू नका. चारच्या सुमारास निघते. सूर्य कलला की लालभडक आयबिस पक्षी थव्यांनी येऊन एकाच झाडावर उतरतात आणि हिरवं झाड बघता बघता लाल होतं.

७. माणसं, देवळं आणि पॅन

३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' जहाजातून सव्वादोनशेच्या आसपास भारतीय मजूर इथे उतरले. १९१७ पर्यंत गिरमिटाखाली, म्हणजे मजुरीच्या करारावर, जवळपास दीड लाख आले. बहुतेक भोजपुरी मुलखातले, कलकत्त्याहून निघालेले. ३० मे आजही राष्ट्रीय सुट्टी आहे. घरांच्या अंगणात बांबूला रंगीत झेंडे लावलेले दिसतील. त्यांना 'झंडी' म्हणतात, पूजा झाली की लावतात, लाल मारुतीची. कारापिचैमाला दत्तात्रेय योग केंद्रात ८५ फुटी हनुमान उभा आहे. "दत्त महाराज इथेही पोचले" म्हणत आई तिथे तासभर बसून राहिली.

जवळच वॉटरलूचं समुद्रातलं मंदिर. सिउदास साधू या मजुराने १९४७ मध्ये किनाऱ्यावर देऊळ बांधलं, जमीन साखर कंपनीची निघाली, देऊळ पाडलं गेलं आणि त्यांना चौदा दिवस तुरुंगात ठेवलं. मग त्यांनी समुद्रातच भर घालायला सुरुवात केली, कारण समुद्राला मालक नव्हता. सायकलवरून, डोक्यावरून दगडमाती वाहत त्यांनी पंचवीस वर्षं घालवली. १९९५ च्या सुमारास सरकारने त्या जागी आजचं देऊळ उभारलं. ओहोटीच्या वेळी जा, चिखल उघडा पडतो आणि त्या माणसाने किती भर घातली ते डोळ्यांना दिसतं.

आता माझी कळकळीची विनंती. तिथल्या भारतीय वंशाच्या माणसाला "तुम्ही मूळचे कुठले?" असं पहिल्याच वाक्यात विचारू नका, आणि त्याला हिंदी येत नाही म्हणून हळहळू तर मुळीच नका. तो त्रिनी आहे, पाच-सहा पिढ्यांपासून. त्याच्या तोंडी 'नानी', 'आजी', 'भौजी' हे शब्द आहेत आणि त्याच वेळी सोका संगीतावर त्याचे पाय आपोआप हलतात. या देशात आफ्रिकन वंशाचे लोकही जवळजवळ तेवढेच आहेत. आपल्यासारखं काय तेवढंच शोधत फिरलात तर अर्धा देश न बघताच परताल. मी पहिल्या खेपेला तसाच परतलो होतो.

म्हणून पॅनयार्डला, म्हणजे पॅनच्या सरावाच्या आवारात जा. स्टीलपॅन हे वाद्य १९३० आणि ४० च्या दशकांत पोर्ट ऑफ स्पेनच्या गरीब वस्त्यांमध्ये जन्मलं, तेलाच्या रिकाम्या पिंपांतून. त्याआधी इंग्रज सरकारने आफ्रिकन ढोलांवर बंदी आणली तेव्हा लोकांनी बांबू आपटून ताल धरला होता. जुलै २०२४ मध्ये पॅन अधिकृत राष्ट्रीय वाद्य झालं. कार्निव्हलच्या आधीचे काही आठवडे वाद्यवृंदांचा सराव रोज रात्री उघड्या आवारात चालतो, बहुतेक ठिकाणी प्रवेश मोफत. जवळ उभं राहून बघा: तळाला ठोकून खोलगट केलेला पिंपाचा पत्रा, त्यावर लंबगोल फुगवटे, प्रत्येक फुगवट्याचा एकेक स्वर, आणि रबर गुंडाळलेल्या काड्या. शंभर माणसं एकदम वाजवायला लागली की आवाज कानांआधी छातीत पोचतो.

पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात मोहरमला 'होसे' निघतो, आपल्याकडच्या ताबुतांसारखाच, कागद आणि बांबूचे उंच ताजिये आणि रात्रभर ताशे. ताबूत बांधणाऱ्यांत आणि ढोल वाजवणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात.

आणि क्वीन्स पार्क ओव्हल, ज्यासाठी आलो होतो ते मैदान. मागे हिरवे डोंगर, पुढे हिरवं मैदान. १९७१ च्या मालिकेतली शेवटची कसोटी इथेच झाली, त्यात गावसकरांनी १२४ आणि २२० केल्या. मालिकेत एकूण ७७४. त्यांच्यावर तिथे कॅलिप्सो, म्हणजे तिथल्या धाटणीचं गाणं, रचलं गेलं. फाटकावरच्या वयस्कर रखवालदाराला मी फक्त "गुड मॉर्निंग, आम्ही मुंबईकडचे" म्हणालो. तो म्हणाला, "गावसकर!" आणि आम्हाला पंधरा मिनिटं आत बसू दिलं. मी बाबांचा चष्मा खिशात घेऊन गेलो होतो.

८. टोबॅगो

इथे वेग कमी करा. स्टोअर बे किंवा पिजन पॉइंटवरून काचेच्या तळाची होडी बक्कू रीफकडे जाते. पिजन पॉइंटला प्रवेश फी आहे. पुढे नायलॉन पूल: भर समुद्रात कमरेएवढं, तळापर्यंत स्वच्छ पाणी. पोहता न येणारेही उतरू शकतात, आईसुद्धा उतरली. प्रवाळांवर उभं राहू नका, तुकडा उचलू नका. त्यांना वाढायला दशकं लागतात.

मग उत्तर किनाऱ्याने कास्टाराला जा. सकाळी मासेमार किनाऱ्यावरून जाळं ओढतात. मालवण किंवा गोव्याची रापण पाहिली असेल तर एका नजरेत ओळखाल. दोराला हात लावू का विचारलंत तर नाही म्हणत नाहीत. पुढचा इंग्लिशमन्स बे थेट जंगलातून वाळूवर उतरतो. बेटाच्या मधलं मेन रिज जंगल १७७६ मध्येच कायद्याने राखीव झालं. झाडं गेली तर पाऊस जाईल, हे तेव्हाच्या लोकांना पटलं होतं. तिथे वाटाड्या घ्या, गमबूट भाड्याने मिळतात, चिखल भरपूर.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी असाल तर बक्कूला बोकडांची शर्यत असते, १९२५ पासून. बोकडामागे दोर धरून पळणारे जॉकी अनवाणी असतात आणि त्यासाठी आधीपासून सराव करतात.

९. परतताना

कुचेला, पेपर सॉस आणि चिंचेच्या चटण्यांच्या बाटल्या चेक-इनच्या बॅगेत, प्रत्येकी दोन प्लॅस्टिक पिशव्यांत बांधून. हातातल्या बॅगेतून त्या काढून घेतात. उरलेले त्यांचे डॉलर पियार्कोलाच बदला किंवा खर्चून टाका, भारतात ते कोणी घेत नाही. यलो फीव्हरचं पिवळं पुस्तक मात्र पासपोर्टच्या आतच ठेवा. मुंबईला उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधी आरोग्य विभागाचं टेबल लागतं, तिथे ते सगळ्यांत आधी मागतात.